डावीकडची माळ

हॅलो? …हॅलो, सापडले का? कुठं होते?

…अगं, तू होय. मला वाटलं तुझा दादा. …नाही, काही नाही, असंच. …कोण सापडले? कुणी नाही गं. …हो, लागले ना तू पाठवलेले दिवे. दुपारीच येऊन लावून गेला तो लाइटवाला. छान दिसताहेत. …फोटो पाठवते, नंतर पाठवते. अगं ऐक ना, मी करू का तुला जरा वेळानं? फोन मोकळा ठेवायचाय.

…बाबांना? बाबांना कशाला आत्ता… ते… पडलेत जरा. …हो, संध्याकाळचे. …माझा आवाज? जिना चढून आलेय गच्चीवर, धाप लागलीय.

…बरं. बरं, ऐक. आधी कबूल कर, आरडाओरडा करायचा नाही. बाबा घरात नाहीयेत.

…अगं… अगं, हेच म्हणत होते मी! ओरडू नकोस, मला काही ऐकू येत नाहीये. दिवे लागले तेव्हापासून. आत्ता? आत्ता पार अंधार झालाय.

दादा शोधतोय ना. स्कूटर घेऊन गेलाय. शेजारचे काका बागेकडं गेलेत. मी गच्चीवर उभी आहे, इथून सगळी गल्ली दिसते.

…एकटं सोडलं? मी? मी सोडलं एकटं? हे बघ, आज माझं डोकं आधीच फिरलंय, तू आणखी… काय बांधून ठेवू का त्यांना? दरवर्षी जातात. सणाचे दिवे लागले की चपला घालून गल्लीच्या टोकाला जायचं, तिथून आपलं घर बघायचं, आणि परत यायचं. तुझ्या लहानपणापासून जातात ना? मग! मी त्यांना दारातून बघत होते. लॉन्ड्रीपाशी गेले, वळले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं म्हणून मी आत पळाले. गॅस बंद करून येतेय तर टोकाला कुणी नाही.

…दूध जास्त महत्त्वाचं होतं, हो, लिही तसं माझ्या नावावर! तू लांबून बोलतेस, तुला सोपंय. दोन महिन्यांनी येतेस, त्यांच्याशी तासभर हसतेस-बोलतेस आणि म्हणतेस, बाबा तर ठणठणीत आहेत, वहिनीच उगाच घाबरवते. परवा जेवताना मला विचारलं, खारूताई शाळेतून आली का म्हणून. …हो, तुझ्याबद्दलच. आणखी कुणाला म्हणतात ते खारूताई? मी म्हटलं, येईल हं. काय सांगू? की तुमच्या खारूताईचा मुलगा आता कॉलेजात जातो?

…रडू नकोस. रडू नकोस गं. मीही मग… थांब, थांब, दादाचा फोन येतोय. होल्ड कर.

हॅलो? हां, बोल. …बागेत नाहीत? काकांनी नीट बघितलं का, त्या बाकांच्या मागे वगैरे? …नाही, इथंही नाही. मग तू मोठ्या रस्त्यापर्यंत जा. …हो, पुलापर्यंत. त्या ट्रकच्या रस्त्यावर त्यांचा काय निभाव लागणार आहे… हो, अंगात राखाडी स्वेटर. घरातल्याच चपला. जा तू, बोलत बसू नकोस.

…आहेस का? …नाही. नाही सापडले. मोठ्या रस्त्याकडं गेलाय तो. …माहितीय मला गाड्या असतात! माझा जीव नुसता टांगणीला लागलाय आणि तू मला ट्रक मोजून दाखव.

एक मिनिट. खाली टेलर आलाय. आपल्या गल्लीतला गं, कोपऱ्यावरचा. …काय? काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मी गच्चीवर आहे! …केव्हा? …कुणाला विचारलं, तुम्हाला? …मग तुम्ही काय सांगितलंत? …हसलात? अहो, हसलात काय!

…ऐकलंस? नाही ऐकू आलं? टेलर म्हणतो, बाबा त्याच्या दुकानाशी आले आणि विचारलं, इथलं रंगीत दिव्यांचं घर कुठं गेलं? याला वाटलं, आजोबा थट्टा करताहेत. हा हसला. बाबाही हसले म्हणे. आणि गेले पुढं.

पुढं म्हणजे… अगं, लॉन्ड्रीकडून येताना टेलरचं दुकान आपल्या फाटकाच्या पुढं आहे. तिथं जायचं तर आपल्याच फाटकावरून जावं लागतं. आपल्या दारासमोरून गेले ते. आत आलेच नाहीत.

…हो, या दिव्यांमुळंच.

…नाही, मी तुला दोष देत नाहीये. तू हौसेनं पाठवलेस. पण ऐक, कसे दिसताहेत सांगते तुला. सगळे पांढरे. एका रेषेत, पट्टी लावून आखल्यासारखे. आणि तो माणूस आलाच होता म्हणून शेजारच्या काकूंनी लावून घेतले, समोरच्यांनीही लावून घेतले. सगळी बैठी घरं, सगळ्यांची फाटकं सारखी, गच्च्या सारख्या. आता दिवेही सारखे. मलाच खालून आपलं घर चटकन कळत नाहीये, तर त्यांना काय कळणार? त्यांनी जन्मभर ती लाल-हिरवी-पिवळी वाकडीतिकडी माळ बघितलीय.

मी ती माळ काढते.

…कुठली म्हणजे? जुनी. बाबांची. इथंच आहे, पाण्याच्या टाकीमागे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तो लाइटवाला म्हणाला फेकून द्या, मी म्हटलं राहू दे.

…हो, वेड लागलंय मला. सगळे बाहेर शोधताहेत ना? मग मी एकटीनं बाहेर पळून काय वेगळं होणार? ते जर आसपासच्या गल्ल्यांतून घर शोधत फिरत असतील तर घर दिसायला नको? …बंद केले. तुझे सगळे बंद केले, बटण इथंच आहे. आता नुसता काळोख.

काकू! अहो काकू! तुमचे दिवे बंद करा ना जरा! …नंतर सांगते, आधी बंद करा! समोरच्यांनाही सांगा!

हां, विझले सगळ्यांचे. फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवतेय. देवा, काय गुंता झालाय हा… सुटेना… ही कशी लावायची गं? …मला कसं माहीत असणार? सणाच्या संध्याकाळी मी खाली ओट्याशी असते. माळ बाबा आणि तुझा दादा लावतात. तो स्कूटरवर भटकतोय आणि बाबा… तू सांग. लग्नाआधी तूच लावायचीस ना?

…पाइपाशी. बरं. पावसाच्या पाण्याचा पाइप. …हो, आहे खिळा. दोन वेढे द्यायचे. दिले. …मग खिडकीच्या वर. कठड्यावरून हात खाली घालून? …अगं, पण दिसत नाहीये. …चाचपून बघते. हां, लागला. गंजलाय. …सैल सोडायची? किती सैल? …झोळी पडेल एवढी. बरं. …दाराच्या वर उंच. बरोबर, इथं हुक आहे. अडकवली.

…टेप लावलेली जागा? बघते. हो, हाताला लागली. नाही, अजून प्लग लावला नाहीये, इतकी वेडी नाही मी.

आता खालून दिसते ती डावी बाजू, कोपऱ्याचा खांब. इथं खिळाच नाहीये. …नाहीये म्हणतेय ना. उजवीकडे जिथं आहे तेवढ्याच उंचीवर हात फिरवतेय… खाली? खूप खाली? …अय्या, हो. हा काय, इतका खाली का ठोकलाय?

…तुझा हात पुरायचा नाही म्हणून.

…मग दादानं तरी नंतर वर घ्यायचा. …हो, तोही त्याच खिळ्याला लावतो. आणि बाबा दरवर्षी खालून ओरडतात, डावीकडे वर घे. मी आत ऐकते ना. मला वाटायचं, हा मुद्दाम घेत नाही.

बरं, झाली. लावते प्लग… नाही लागली. …बटण चालूच आहे. नाही लागत! बघ, कसं नेमकं… …पहिला लाल? घट्ट पिळू? …आधी प्लग काढते. पिळला. पुन्हा लावते…

लागली. अगं, लागली! सगळी लागली. दोन-तीन पिवळे गेलेत, बाकी सगळी.

…नाही. कुणी दिसत नाही. …नाही गं, आत्ता तर लागली. थांब जरा.

…गल्लीत काकू आहेत, टेलर आहे. सगळे वर बघताहेत. …नाही. …टोकाला अंधार आहे, लॉन्ड्री बंद झालीय. …दादाचाही फोन नाही. तू बोलत राहा. काहीही बोल.  …हो. …हो, मीही देवाला तेच म्हणतेय मनात.

…थांब. गप्प. जरा गप्प बस.

कुणीतरी… लॉन्ड्रीच्या मागच्या बोळातून कुणीतरी आलंय. उभंय. …चेहरा नाही दिसत. कंबरेवर हात… अगं, कंबरेवर हात आहेत!

बाबा! बाबा, इकडं! मी इथं आहे!

…हो, तेच! तेच आहेत! काकू, धावा ना… नाही, नाही, थांबा, घाईनं जाऊ नका, बिचकतील. …ओरडताहेत काहीतरी. गप्प बस, ऐकू दे.

…ऐकलंस? फोनमध्ये आलं? म्हणताहेत, खारूताई, डावीकडे वर घे.

तुला हाक मारताहेत. मी कठड्याशी उभी आहे, अंधारात बाईची आकृती दिसतेय, त्यांना वाटतंय तूच आहेस. …मी काय करू? वर घेऊ? वर खिळाच नाहीये. आणि पुढं येत नाहीयेत, तिथंच उभे आहेत. पुन्हा म्हणताहेत, वर घे. …तू काय म्हणायचीस तेव्हा? …मग तेच म्हण. आत्ता, अगदी तस्संच. फोन हातात धरून बाहेर करते, आवाज पूर्ण वाढवलाय. रडक्या आवाजात नको. ओरड!

…आणखी मोठ्यानं!

…ऐकलं त्यांनी. अगं, ऐकलं! हसताहेत. म्हणाले, हात पुरत नाही तर राहू दे, ये खाली, पडशील.

निघाले. टेलर मागून येतोय त्यांच्या, हात न लावता, शहाणा आहे. काकूंच्या फाटकावरून आले… पुढं आले… नाही, थांबले नाहीत. माळेकडं बघत येताहेत.

…हो, दादाला करते फोन. …नाही, ती माळ आता हलवणार नाही. तुझे दिवे मागच्या अंगणात लावू. …हो गं, डावीकडची तशीच. कुणी वर घेतली तर माझ्याशी गाठ आहे.

फाटकाची कडी वाजली. खारूताई, ठेवते आता, दार उघडायचंय.