गॅलरीतली हजेरी

हॅलो? … हॅलो, कोण, बेबी? हां, बोल गं. … नाही, झोपतेय कसली, भांडी घासत होते, हात ओले होते म्हणून उशीर लागला. … जरा हळू बोल, बाहेर गॅलरीत अण्णांची मंडळी बसलीयेत. … अगं तुझे वडील आणि त्यांचे ते सगळे मित्र. आधी बागेतल्या बाकावर भरायची सभा, आता रोज सकाळी आमच्या गॅलरीत भरते. चहाचं दुसरं पातेलं चढलंय आत्ता. … बसू दे गं. अण्णांचा वेळ जातो, मला दोन भांडी जास्त पडली तर पडली.

ते सोड. तुला काही सापडलं का?

हो, हो… अगं ऐक ना, आधी माझं ऐक. आज दुपारी तो माणूस मशीन बघायला येतोय. … किल्ल्या कापायचं मशीन गं, आपलं! तुझ्या दादाने मला न विचारता त्याला बोलावून ठेवलंय. … विकायलाच, नुसतं बघायला कोण येतंय? … गोदामात राखणदाराची नोकरी मिळतेय म्हणे. जन्मभर कुलपं उघडली, आता कुलपं राखत बसणार. … भांडले ना, भांडले. तर मलाच म्हणतो, फोनच वाजत नाही तर दुकान कशाच्या जोरावर चालवू? आणि ते म्हणताना माझ्याकडे बघत पण नाही. ताटात नुसती बोटं फिरवत बसतो. मला बघवत नाही, बेबी.

म्हणून तुझ्या मागे लागले. वेबसाइट तू केलीस, ती जाहिरात तू चालू करून दिलीस… अगं, दोष नाही देत! तू होतीस म्हणून इथपर्यंत निभावलं. ती पहिली वेबसाइट आठवते ना, दादाने हौसेने करून घेतलेली? गोल गोल फिरणाऱ्या किल्ल्या, आणि मधोमध त्याचा कोटातला फोटो… कॉम्प्युटरवर काय झोकात दिसायची! आणि फोनवर उघडली की नुसतं नाक. … हो ना! नंबर बघायचा तर सरकवत सरकवत पार कानाच्या मागे जावं लागायचं. आता घराबाहेर अडकलेला माणूस, हातात पिशव्या, फोनची बॅटरी संपत आलेली, तो कशाला तुझ्या दादाचं नाक बघत बसेल?

मग तू नवी सुटसुटीत करून दिलीस, तर आता लोक वेबसाइटच नीट बघत नाहीत म्हणतेस. … कळलं गं, शोधायचं, सगळ्यात वर जो असेल त्याच्यावर बोट ठेवायचं, विषय संपला. आमच्या दुकानाच्या नंबराचे स्टिकर बिचारे दारादारावर तसेच. परवा एक बाई आमच्याच स्टिकरला पाठ टेकून उभी होती आणि फोनवर किल्लीवाला शोधत होती. … शप्पथ! दादाने स्वतः सांगितलं.

बरं बोल. काय सापडलं? … हं. … हं. … म्हणजे आपली जाहिरात लोक दाबतायत? मग फोन का येत नाही? दुकानाचा फोन इथे फ्रिजवरच तर असतो, दादा बाहेर असला की मीच उचलते. … थांब, सावकाश, माझ्या डोक्यावरून चाललंय. कोणी दाबलं की आपले पैसे कापले जातात, एवढं मला माहितीये. आणि दिवसाची ठरलेली रक्कम संपली की आपलं नाव त्या दिवसापुरतं गायब. … सकाळीच संपते? धड बाजार उघडायच्या आत? … म्हणजे दुपारी कोणी अडकलं, संध्याकाळी कोणी अडकलं, त्याला आपण दिसतच नाही? … अगं बाई.

तोच! तोच असणार, दुसरं कोण? … रस्त्यापलीकडचा गं, तो दुसरा किल्लीवाला! … तूच नाही का म्हणालीस परवा, कोणीतरी मुद्दाम दाबत असेल म्हणून? … "असेल" म्हणालीस, हो, पण मला तेवढं पुरलं. गेले ना मी काल त्याच्याकडे. … भांडायला, मग काय ख्यालीखुशाली विचारायला? भर रस्त्यात असा तोंडाचा पट्टा सोडला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. म्हटलं, आमच्या पोटावर पाय देऊन तुमचं भरणार आहे का? … तो? त्याने हातातली कानस खाली ठेवली, स्टूल पुढे सरकवलं, म्हणाला, "वहिनी, बसा. माझा पण फोन वाजत नाही." … एवढंच. मला वाटलं, नाटक करतोय. बसले नाही मी. तरातरा निघून आले.

काय म्हणालीस? …

तो नाही? कशावरून? … कुठून येतंय म्हणालीस? … आपल्या? आपल्या म्हणजे? … आपल्या घरच्या वायफायवरून? छे! काहीतरीच काय. … अगं, घरात माणसं तीन. दादा उजाडायच्या आत बाहेर पडतो, मला फोनवर आलेला मेसेज धड पुसता येत नाही, आणि अण्णा… … किती? … आठ? आठ वेगवेगळे फोन? आपल्या घरात? बेबी, तुलाच कुणीतरी बनवतंय. या घरात सारखे आठ चमचे सापडायची मारामार, आठ फोन कुठून…

थांब.

थांब हं जरा. …

बेबी, आता तू काही बोलू नको, नुसतं ऐक. मी गॅलरीच्या दाराशी आलेय, पडद्याआड. … सांगते, सांगते. सगळे ओळीने बसलेत. चष्मे कपाळावर. हातात फोन. … हो गं, सगळ्यांच्या! मधोमध मास्तर बसलेत, तुला गणित शिकवायचे ते. तेच म्हणतायत, "सर्वांना नाव दिसलं? दाबा." … आणि सगळे दाबतायत, बेबी. … आता म्हणाले, "मागे या. पुन्हा." … हसू नको! अगं हसू नको, मला पण येतंय.

आणि मीच यांना रोज चहा देते! साखर घालून!

तू ठेवू नको, मी विचारते. … अण्णा, काय चाललंय सगळ्यांचं? … हो का? … कोणी सांगितलं असं? … बरं. … नाही, नाही, सहज विचारलं. … काय हो? … बरं. नाही सांगणार.

आले, आले. आत आले स्वयंपाकघरात. ऐकू आलं का? … म्हणाले, "दुकानाची हजेरी लावतोय." जितकं जास्त दाबावं तितकं नाव वर जातं म्हणे. … फोन विकणाऱ्याने सांगितलं, व्हिडिओचं तसं असतं म्हणून. यांनी ते आपल्या दुकानाला लावलं. आणि गंमत बघ, रोज सकाळी नाव वर दिसतंच त्यांना! सकाळी दिसणारच की, सकाळी पैसे शिल्लक असतात. मग काय, यांना वाटतं आपल्या दाबण्याने वर आलं. की दाबा अजून जोरात. त्यांच्या फोनचा पॅक संपू नये म्हणून अण्णांनी सगळ्यांना आमच्या वायफायचा पासवर्डसुद्धा देऊन ठेवलाय.

आणि मला जवळ बोलावून हळूच काय म्हणाले माहितीये? "सूनबाई, दादाला सांगू नको. कानस आता हातात धरवत नाही. एवढं तरी माझ्याकडून."

… बेबी? … बेबी, रडू नको गं. तू रडलीस की मला पण… नाही, मला माहितीये. त्या शेवटच्या किल्लीपासून नाही का. हात थरथरला, खाच वाकडी पडली आणि किल्ली गिऱ्हाइकाच्या दारात मोडली. कोणी एका शब्दाने बोललं नाही त्यांना. पण त्या दिवसापासून दुकानाची पायरी चढले नाहीत. आणि बघ ना, आठ म्हातारी माणसं रोज सकाळी कोणाच्या तरी दुकानासाठी बोटं झिजवतायत. कोण करतं गं एवढं? कोण करतं?

हो, हो, पण मशीन हातचं चाललंय. तेही खरं. … बंद करता येईल? … घरचं कनेक्शन अडवायचं, म्हणजे या घरातून जाहिरात दिसणारच नाही. … आणि आजची रक्कम? … निम्मी आहे अजून? मग कर ना, बघतेस काय! … थांब, नको! … अगं, नाव दिसलं नाही तर अण्णांचं काय होईल? … मी काय सांगू त्यांना? "अण्णा, तुम्ही आणि मास्तरांनी मिळून दुकान बसवलं"? माझी जीभ नाही रेटणार. कानस सुटली, दुकान सुटलं, आता एवढं एक धरून बसलेत, तेही काढून घेऊ? …

हं. …

कर. कर तू. पुढचं पुढे बघू.

झालं? इतक्यात? …

हे ऐकलंस? हे तरी ऐकू आलं ना? … गॅलरीत कल्ला झालाय. मास्तर ओरडतायत, "नाव गेलं!" … अण्णा आत येतायत. धर हं.

अण्णा, बसा आधी. बसा. … हो, कळलं मला. … नाही, कोणी काढलं नाही नाव. हात किती गार पडलेत तुमचे, द्या इकडे. … माझं ऐका. नाव आहे तिथेच. आपल्याला दिसत नाही, एवढंच. … अहो, घरात बसलेल्याला किल्लीवाला कशाला दिसायला हवा? जो दाराबाहेर अडकलाय त्याला दिसतंय ना, झालं तर. … हो, बेबीनेच केलंय तसं. ही काय, फोनवरच आहे.

बेबी… ते विचारतायत, माझ्या दाबण्याने काही नुकसान झालं का. … मी काय सांगू? … बरं, मीच बोलते.

अण्णा, इतके दिवस तुम्ही नाव धरून ठेवलंत ना? ते काम संपलं. आता दाबायचं नाही, आता उचलायचं. … दुकानाचा फोन हो! माझे हात सदा ओले, मी धावत येईपर्यंत लोक पुढच्या नंबरवर गेलेले असतात. उचलला तरी काय बोलावं मला सुचत नाही. घाबरलेली असतात माणसं. आत गॅसवर काहीतरी राहिलेलं असतं, लेकरू झोपलेलं असतं. तुम्ही बोललात तर जिवात जीव येईल त्यांच्या. … थरथरू दे की हात. आवाज कुठे थरथरतोय तुमचा?

…

आहे गं, आहे लाइनवर. … अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. … कळलंय त्यांना, बेबी. सगळं कळलंय. डोक्यावर हात ठेवला माझ्या आणि बाहेर गेले. मास्तरांना म्हणाले, "उद्यापासून कोणी दाबायचं नाही. घरी पण नाही." … नाही, का ते नाही सांगितलं. मास्तरांनीही नाही विचारलं.

आता फ्रिजवरचा दुकानाचा फोन काढून घेतलाय आणि खुर्चीत बसलेत. दोन्ही हातांत धरून. मुलाखतीला आल्यासारखे. … अगं, येईल का पण कोणाचा? आजच्या आज? … तुझ्या तोंडात साखर पडो.

तू असं कर, दादाला समजाव मशीनचं. माझं ऐकणार नाही तो, तुझं ऐकेल. … आणि मी समोर जाऊन येते. … माफी मागायला गं, दुसरं काय. आज बसते त्या स्टुलावर. एक विचारू? त्याचं पण नाव का दिसत नाही ते जरा बघशील? … अगं, असू दे समोरचा. त्याने बसा म्हटलं होतं मला.

… काय? … कसला आवाज? थांब… वाजतोय. बेबी, वाजतोय! … दुकानाचा गं, दुकानाचा!

अण्णा, उचला! … मास्तर, तुम्ही सगळे मागे सरका, त्यांना दिसू दे. … हिरवं, अण्णा, हिरवं. … दाबा हो, आता दाबा!

… श्श.

… बोलतायत. … "घाबरू नका, बाई," म्हणाले. "दार कुठे पळून जात नाही. आत कोण आहे ते आधी सांगा." … बेबी, तो आवाज ऐक. दुकानातला आवाज आहे तो, जुना. … पत्ता विचारतायत. मास्तर एकाच्या पाठीवर कागद धरून लिहून घेतायत. … मला खुणावतायत, दादाला लाव म्हणून. … नाही, तू नको लावू, मीच लावते. मीच सांगणार आहे त्याला. ठेव तू. ठेव गं, लाइन मोकळी हवी… अण्णांनी काम पाठवलंय म्हणते त्याला. ठेवते.