किटलीतलं लाल तेल

जबाब, दि. १४ मे २०२४

मी केसरबाई भ्र. आसाराम तांदळे, वय ५४ वर्षे, धंदा शेती व गावच्या महिला दूध संस्थेची चेअरमन, रा. बोरदरा, ता. केज, जि. बीड. ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, संस्थेच्या पिकअपचा गिअरबॉक्स जळाल्याबद्दल व तेलाच्या चोरीबद्दल माझी तक्रार आहे. मी बोलते तसंच लिहावं, गुळगुळीत करू नये, असं जमादार साहेबांना आधीच बजावलं आहे.

यंदा गावातल्या विहिरी फेब्रुवारीतच आटल्या. पीक नाही, त्यामुळे दूध हाच काय तो आधार. आमची पिकअप सकाळी दुधाचे कॅन अंबाजोगाईला शीतकरण केंद्रावर नेते आणि येताना चारा आणते. गाडी जुनी घेतलेली, ऑटो गिअरची आहे. तिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. तिच्यावर ड्रायव्हर सुग्रीव. तो माझी नणंद बायनाबाई हिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. त्याला ठेवला तेव्हा बाया बोलल्याच, चेअरमनीणबाईनं घरचा माणूस चिकटवला म्हणून. कुंपणानं शेत खाल्लं असं कुणी म्हणू नये, यासाठी परक्यावर ठेवली असती त्याच्या दुप्पट नजर मी त्याच्यावर ठेवली.

या गाडीच्या गिअरबॉक्सला वेगळं लाल तेल लागतं. ते मापायला बॉनेटखाली एक लांब पट्टी असते, तिच्यावर खूण असते. मार्चमध्ये सुग्रीवनं तेलाचा डबा घेतला. पहिलं तेल कुठं गेलं, असं माझ्या मनात आलं. म्हणून तो यायच्या आधी पहाटे मी स्वतः बॉनेट उघडून पट्टी बघितली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं. मी उभी हयात दूध मापण्यात घातली आहे. जे असायला पाहिजे त्याच्यापेक्षा जास्त भरलं की समजायचं, भेसळ आहे. चांगलं तेल काढून विकलं आणि वर काहीतरी हलकं ओतलं, रंग काय कशालाही देता येतो, असं मी धरलं. जनावरांना औषध पाजायच्या पिचकारीला सलाईनची नळी लावून जास्तीचं तेल मी खुणेपर्यंत काढून घेतलं. कुणाला सांगितलं नाही, चोराला सावध कशाला करायचं.

त्याच संध्याकाळी सुग्रीव केजला दिलावर मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गाडीखाली पडलेला दिसला. मला म्हणाला, "मामी, तेल कुठं जातंय कळंना. गळत तर कुठंच न्हाई, अन् चालू गाडीवर पट्टी कोरडी निघतीया."

मी म्हटलं, "चालू गाडीवर काहून बघतोस? दूध फेस बसल्यावर मापतेत. उतू जाताना मापतं का कुणी?"

तो हसला. म्हणाला, "हिचं उलटं हाय मामी. चालू असली की तेल वर खेळतं, बंद केली की समदं खाली येऊन बसतं अन् पट्टीवर जास्तीचं दिसतं. गाडी गरम अन् चालू असतानाच माप खरं." दिलावरनंही मान हलवली. दोघांचं सूत जुळलेलं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. भेसळवाला गवळीही असाच म्हणतो, बाई, फेसासकट मापा. सुग्रीवनं पुन्हा तेल भरलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा खुणेच्या वर. मी पुन्हा काढलं. असं तीन-चार वेळा झालं. काढलेलं तेल मी घरी पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

पुढं त्यानं दिलावरकडून स्टिअरिंगजवळ एक काटा बसवून घेतला. तेल किती तापलं ते त्याच्यावर दिसतं म्हणे. अंबाजोगाईच्या अलीकडच्या चढाला काटा लालात गेला की हा गाडी बाभळीखाली उभी करायचा, ती निवेपर्यंत. तिकडं कॅनमधलं दूध तापायचं त्याचं काही नाही. गावातल्या दोघींनी गाडी तिथं उभी बघितली आणि मला येऊन सांगितलं. तेलाचा सौदा त्या बाभळीखाली होतो, अशी माझी खात्री झाली.

म्हणून परवा मी गाडीत बसायचं ठरवलं. पहाटे तेल काढलं, या वेळी किटलीत भरलं, तोंडाला फडकं बांधून संस्थेच्या शिक्क्याची लाख लावली. पुरावा पाहिजे म्हणून. सुग्रीव आला, गाडी चालू करून पट्टी बघायला उतरत होता. मी म्हटलं, "रोज रोज काय बघायचं, चल, दूध नासतंय." तो बसला.

चढ लागला तसा काटा सरकायला लागला. सुग्रीव म्हणाला, "मामी, थांबू द्या जरा. लई तापलीया."

मी म्हटलं, "थांबलास तर चावी इथंच दे अन् पायी घरी जा."

त्यानं गाडी थांबवली नाही. चढ संपत आला आणि जळकट वास सुटला. इंजिन ओरडत होतं पण गाडी पुढं जाईना, मागं घसरायला लागली. त्यानं ब्रेक दाबून ती कडेच्या मातीत टेकवली, म्हणून मी आज बसून बोलते आहे. अख्ख्या गावाचं दूध उन्हात नासलं. चोर सापडला, असं मी तिथंच रस्त्यावर चारचौघांत म्हटलं आणि ठाण्याला कळवलं.

आज सकाळपासून सुग्रीव बाहेर बाकड्यावर बसलेला आहे. गुन्हा नोंदला तर त्याला परत गाडी कोण देणार, असं बायनाबाई जमादारांना विचारत होती. तिनं भाकरीचा डबा आणला. तो दोघांचा आणला, त्याचा आणि माझा. मी खाल्ला नाही.

जमादारांनी पुरावा मागितला तेव्हा मी किटली टेबलावर ठेवली. टोचन करून आणलेली गाडी आवारात उभी आहे. दिलावरला बोलावतो म्हणाले. मी म्हटलं, तो सामील आहे, त्याचा हात लागायला नको, पट्टी मीच काढणार. बंद गाडीवर पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर होतं, पण काळं पडलेलं. "बघा, भरलेलं हाय," मी म्हटलं. मग जमादारांनी इंजिन चालू केलं. पट्टी कोरडी निघाली. मी ती पदरानं पुसून पुन्हा घातली. कोरडीच. जमादार म्हणाले, "बाई, किटली ओता." लाख मी माझ्या हातानं फोडली. तेल लाल होतं, नितळ. सगळं ओतलं तेव्हा चालू गाडीवर पट्टी खुणेला लागली. मग गाडी बंद केली आणि थोड्या वेळानं बघितलं. तेल वर चढलेलं होतं, रोज पहाटे मला दिसायचं तिथंच.

जमादारांनी विचारलं, या गाडीतलं तेल कुणी काढलं. मी सांगितलं, मी. दुसरं कुणी काढल्याचं माहीत आहे का. नाही. मग चोरी कुणाच्या नावावर लिहू. मी पाणी प्यायला मागितलं.

तरी माझं म्हणणं लिहून घ्यावं. सुग्रीवनं तेलाचा थेंब नेलेला नाही. तो खरं तेच सांगत होता, पहिल्या दिवसापासून, आणि मला ते लबाडाचं बोलणं वाटलं. दिलावर मिस्त्रीवरही माझा काही आळ नाही. गाडी माझ्यामुळं जळाली आणि दूध माझ्यामुळं नासलं. संस्थेच्या बैठकीत हे मी माझ्या तोंडानं सांगणार आहे. वर मी जे बोलले ते खोडू नये. खोडलं तर लोक म्हणतील, भाच्यासाठी जबाब फिरवला.

जबाब वाचून दाखवतो, असं जमादार म्हणाले. मला वाचून दाखवायची गरज नाही, मी काय बोलले ते मला माहीत आहे. दार उघडं ठेवा आणि बाहेर बाकड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचा, असं मी सांगितलं. तसा वाचला. वाचून होईपर्यंत मी उभी होते. माझ्या बोलण्याबरहुकूम आहे, खरा आहे.

सही : केसरबाई आसाराम तांदळे