बाबा फक्त सोडायला आले होते

आमच्या कळसूबाईच्या ट्रेकचं सांगितलंय का तुम्हाला? डोंगराची उंची समुद्रापासून मोजतात, म्हणून लीडरने सात दिवसांची चाल थेट चौक या मच्छीमार गावाच्या किनाऱ्यावरून सुरू केली. मी घरातून पहिल्यांदाच एकटी निघाले होते, तर नुकतेच रिटायर झालेले बाबा चपला घालून सोडायला आले.

“बाबा, जा ना आता. सगळे हसतायत.”

“जातोय गं. पुढच्या नाक्यावर रिक्षा बघतो.”

काशीगावात म्हणाले, “हायवेला बस मिळेल.” तिसऱ्या दिवशी म्हणाले, “शहापूरहून एसटी आहे.” मी चिडून बोलणंच टाकलं. लीडरने मात्र त्यांना जादाची चादर दिली.

सातव्या दिवशी मी धापा टाकत शिखरावर पोचले, तर बाबा आधीच वर उभे राहून आईला फोनवर सांगत होते, “हो, सोडलं तिला. आता निघतोय.”