सिंगल क्लच

— नाही शेठ, उतरायचं नाही. बसा. सीट टोचतेय? टोचणारच, दादा खाली पोतं दुमडून घ्यायचा. चावी शोधू नका, माझ्या खिशात आहे. आत्ता दुकानात काय लगबग होती तुमची! जुना ट्रॅक्टर आहे, झुडपं कापायचा कटर जोडलाय, मागे अंगणात उभा केलाय, जरा बसून बघता का, म्हटलं — आणि आलात की तुरुतुरु! चढलात, हात ठेवलात स्टिअरिंगवर, आणि लगेच मागे घेतलात. वाकलंय ना ते? वाकलेलं लोखंड बघून मी कोण ते कळलं तुम्हाला, चेहरा बघून नाही कळलं. असू द्या. तुमच्याकडे रोज छप्पन गिऱ्हाइकं येतात, धाकटा भाऊ कोण लक्षात ठेवणार? दादा असता तर ओळखला असता तुम्ही. दादाला सगळेच ओळखायचे.

सतरा दिवस झाले. जुन्या दगडखाणीच्या कडेचं रान साफ करायचं होतं, कमरेएवढी काटेरी झुडपं. दादा बसला होता तिथेच, जिथे तुम्ही बसलाय. मी पुढे चालत दगड बाजूला करत होतो, मग दमलो म्हणून झाडाखाली टेकलो. कडा आली तसा त्यानं क्लच दाबला. मी बघितलंय, शेठ, पाय पार तळाला होता — आणि ट्रॅक्टर थांबेना! क्लच दाबलेला, ब्रेकवर उभा राहिलाय माणूस, आणि ट्रॅक्टर चाललाय आपला पुढे, हळूहळू, कुणी मागून ढकलावं तसा. मी हसलो. हो, हसलो! वाटलं, दादा गंमत करतोय, मला घाबरवतोय. तो माझ्याकडे बघत होता, ओरडलासुद्धा नाही. मग नुसती मागची चाकं दिसली, मग तीही नाही.

आणि ट्रॅक्टरला काय झालं? मडगार्ड चेपलं आणि हे स्टिअरिंग. कटरच्या एका पात्याला टवका. बस्स. खालच्या झाडोऱ्यात अडकला म्हणे. मिस्त्रीनं दोन दिवसांत चालू करून दिला. या खटाऱ्याला काही होत नाही, शेठ, वरचा माणूस तेवढा जातो.

आता ऐका. समोर तुमच्या गोदामाची भिंत आहे, वीस पावलं. मी चावी फिरवतो. तुम्ही पहिला गिअर टाकायचा, मागे पाती गरगरू द्यायची, आणि भिंत जवळ आली की क्लच दाबायचा. एवढंच! तुमच्याच दुकानातला कटर, तुमचीच भिंत. थांबला तर मी इथे मातीत नाक घासतो. आणि नाही थांबला — तर तुम्हालाही कळू दे, पायाखाली क्लच आहे आणि क्लचखाली काहीच नाही, म्हणजे काय ते.

काय? मोठ्यानं बोला. फ्रीव्हील? आलं का तोंडातून! मला मिस्त्रीनं समजावलं, मी सातवीतून पळालेला, तरी समजलं. सायकलचे पायडल थांबवले तरी चाक फिरतं, तसला लोखंडी तुकडा. कटर फिरवणाऱ्या शाफ्टच्या आधी बसवायचा. नवीन ट्रॅक्टरला नाही लागत, त्यांना डबल क्लच असतो, चाकांचा वेगळा, कटरचा वेगळा. जुन्याला सिंगल. जुन्याला तो तुकडा नसला तर क्लच दाबून उपयोग नाही, मागची पाती जोरात फिरत असतात, ती उलट चाकांनाच ढकलत राहतात. हाताएवढा तुकडा, शेठ! माणूस विकायला बसतो, त्याला विचारता येत नाही, बाबा रे, तुझा सिंगल आहे की —

मान काय हलवताय? नाही विचारलंत. नाहीच विचारलंत!

बरं, विचारलंत. जाता जाता, पावतीवर मान घालून. ते काय विचारणं झालं? "डबल क्लच ना?" असं. आणि तेव्हा काऊंटरला ते दोघे टेकलेले, नव्या कोऱ्या ट्रॅक्टरवाले, आधीच दात काढत होते — "अरे, याचा ट्रॅक्टर आजोबांच्या लग्नातला!" — तुम्हीही हसलात. हसलात, मला आठवतं. कटर आणायला दादानं पहिल्यांदाच मला एकट्याला पाठवलं होतं. निघताना दारापर्यंत आला होता, म्हणाला, दुसरं काही बोलू नकोस, फक्त सिंगल क्लच आहे एवढं सांग, बाकी शेठ बघतील. दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. सिंगल क्लच, सिंगल क्लच. आणि मी इथे छाती काढून म्हटलं — डबल.

तुम्ही तो तुकडा खाली काढला होता. मग फळीवर परत ठेवलात.

दादानं जोडताना विचारलं, सांगितलंस ना रे? मी म्हटलं, सांगितलं, ते म्हणाले असंच चालतं. त्यानं मान डोलावली. धाकट्याचं कशाला तपासेल तो?

गप्प बसा, मला धीर नकोय तुमचा! तुमच्याकडून तर नकोच. वहिनी रोज चुलीपुढे बसून तुमच्या नावानं बोटं मोडते, आणि मी तिच्यासमोर बसून म्हणतो, त्या माणसाला सोडणार नाही, वहिनी. तेवढं बोललो की ती दोन घास खाते. आई गेली तेव्हापासून तिनंच भरवलंय मला. आणि काल तुमचा निरोप — शेठ भेटायला येणार. कशाला? ती विचारणार, तुम्ही खरं सांगणार. म्हणजे मग मी कुठे बसायचं त्या घरात? तुम्ही येऊ नये म्हणून आणला हा ट्रॅक्टर. भिंत-बिंत नंतर सुचली.

उतरा.

उतरा म्हणतो ना! जपून उतरा, तिथे तेल सांडलंय. उद्या या घरी, आज नको. आज मला बोलायचंय तिच्याशी. — हात काय ठेवताय खांद्यावर? सोडा. चला, व्हा आत, गिऱ्हाईक थांबलंय तुमचं.