ब्रुकबाईंच्या गाडीला बर्फाची दुलई

...आणि माणसं? आमची माणसं कुठायत त्या मासिकात? अहो, आख्खी गल्ली छापलीय आमची, पिट्सबर्गची, टेकडीवरची, माझ्या कठड्याचा उडालेला रंगसुद्धा छापलाय, वर ठळक अक्षरांत 'शहरातली जिवंत वस्ती', आणि आमच्यातलं जिवंत म्हणून काय, तर एक मांजर! तेही आमचं नव्हे, खालच्या गल्लीतलं.

तुम्हाला सांगतो, माझं काही नाही. माझं तोंड छापून मासिकाचा कागद कशाला फुकट घालवा? पण मिस व्हर्नेल! माझ्या शेजारीणबाई. नवरा गेल्यापासून दर शुक्रवारी आख्ख्या गल्लीसाठी मासे तळणार, रविवारी चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून उभ्या राहणार, आणि उशिरा येणाऱ्याकडे अशा बघणार, की तो माणूस पुढच्या वेळी देवाच्याही आधी येऊन बसेल. त्या ब्रुकबाई, मासिकाच्या संपादक, उन्हाळ्यात आल्या आणि म्हणाल्या (नाकातून, बरं का), "तुम्हीच तर या वस्तीचा आत्मा आहात." झालं. आत्म्यानं केस करून घेतले, ठेवणीतला जांभळा झगा घातला, दुपारभर पायऱ्यांवर उन्हात बसून हसला. अलाबामातल्या बहिणीला फोन, चर्चमध्ये जाहीर घोषणा, सगळं करून झालं. अंक आला. पायऱ्या मिस व्हर्नेलच्या, कुंड्या मिस व्हर्नेलच्या, आणि वर बसलीय कोण, तर हातात कॉफीचा पेला घेतलेली कुठलीशी काटकुळी पोरगी! आत्मा गायब.

त्या दिवसापासून मिस व्हर्नेलनी दार लावलं ते लावलंच. चर्चच्या दाराशी दुसरीच बाई. शुक्रवारी मासे नाहीत. मी दार वाजवलं तर आतून एवढंच, "थॅडियस, मला बघायचंय कुणाला? जा घरी." आता सांगा, हे मी सोडून देणार? मी? ज्यानं पाद्रीबाबांच्या खुर्चीखाली कोंबडी बांधली होती तो मी?

म्हटलं, येऊ दे हिवाळा.

आता आमच्याकडे एक नियम आहे. बर्फ पडला, की टेकडीवर नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा नांगर काही येत नाही. येईल कशाला, तो खाली बंगल्यांची पूजा करून दमलेला असतो. मग ज्यानं त्यानं आपल्या दारासमोरचा बर्फ उपसायचा, कंबर मोडेस्तोवर, आणि त्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघरातली एक खुर्ची ठेवायची. खुर्ची आहे म्हणजे जागा त्याची. पोलीस असो, बिशप असो, खुर्चीला हात लावायचा नाही. माझा सख्खा मेहुणा, त्यानं एकदा लावला होता. आता तो ओहायोत राहतो.

तर बर्फ पडला, भरपूर पडला, आणि मला बातमी लागली, की ब्रुकबाई 'हिवाळी अंका'साठी पुन्हा येतायत. मी सकाळीच उठलो, दारासमोरची जागा अशी साफ केली, अशी साफ केली, की आख्ख्या गल्लीत गाडी लावायला तेवढीच एक रिकामी जागा. मधोमध माझी फाटक्या गादीची खुर्ची ठेवली आणि खिडकीत बसलो. काळीभोर गाडी आली. बाई उतरल्या, फोटोवाला उतरला. मी ओरडून सांगायला हवं होतं, हो ना? पण काय करणार, घसा बसला होता. नेमका तेव्हाच.

बाईंनी खुर्चीला हात लावला.

नुसता लावला नाही! उचलली, कडेला बर्फात ठेवली, तिच्यावर मिस व्हर्नेलची कुंडी ठेवली, फोटो काढला, म्हणाल्या, "किती अस्सल!" आणि गाडी माझ्या जागेत लावून दोघं चर्चचे फोटो काढायला कोपऱ्यापलीकडे गेले.

मी फक्त आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनसाहेबांना फोन केला. एकच वाक्य बोललो, "खुर्चीला हात लावला." बस्स! दारं उघडली, फावडी निघाली, ज्यांचे गुडघे वर्षभर दुखतात तेही आले, आणि जो बर्फ आम्ही सकाळभर गल्लीतून उपसला होता तो सगळा, आदरानं, त्या गाडीवर. डीकनसाहेबांनी आधी प्रार्थना म्हटली, मग बादलीभर पाणी ओतलं. अशा थंडीत पाणी ओतलं की काय होतं ते तुम्हाला कळतंय ना? गाडीचा केक झाला हो, केक!

आणि तेवढ्यात खाड्कन दार उघडलं. मिस व्हर्नेल! डोक्याला केस कुरळे करायच्या गुलाबी नळ्या, अंगात नवऱ्याचा जुना झगा, पायात दोन वेगळ्या सपाता, हातात भांडी घासल्याचं पाणी. कुणाकडे बघितलं नाही. सरळ पुढच्या काचेवर, धडाम! आणि हसल्या. अहो, काय हसल्या! उन्हाळ्यापासूनचं साठलेलं हसू.

मागे क्लिक क्लिक. फोटोवाला परत आला होता. ब्रुकबाई गाडी शोधतायत, गाडी कुठाय, तर टेकाड. मला वाटलं, आता रडणार. पण त्या म्हणाल्या, अगदी हळू आवाजात, "ही... ही तुमची परंपरा आहे का?"

मी म्हटलं, "हो बाई. पाहुण्यांच्या गाडीला थंडी वाजू नये म्हणून दुलई घालतो आम्ही."

लिहून घेतलं हो त्यांनी! आणि गेले दोघं टेकडी उतरत, घसरत, बुडावर.

आता तुम्ही म्हणाल, सूड झाला, गोड झालं. कसलं गोड! अंक आला. 'टेकडीवरची माया: पाहुण्यांच्या गाडीला बर्फाची दुलई.' माझं थापेचं वाक्य जसंच्या तसं, खाली नाव डीकनसाहेबांचं! आणि मुखपृष्ठावर, पानभर, गुलाबी नळ्यांसकट, मिस व्हर्नेल. आख्ख्या शहराच्या प्रत्येक दुकानात.

मी लपूनच बसलो. दार वाजलं. बाहेर मिस व्हर्नेल, एका हातात अंक, दुसऱ्या हातात तळलेल्या माशांची ताटली. चेहरा पाद्रीबाबांपेक्षा गंभीर. म्हणाल्या, "थॅडियस, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्यांची गाडी पुरायची."

मी म्हटलं, "पुरू की."

"पण आदल्या दिवशी सांगत जा रे मेल्या. केस करून येते."

आता मला सांगा, बाई केस करून येईपर्यंत बर्फ टिकेल का?