हिरव्या रंगाचं बूच

"गळतं तिथं बंद करायचं आणि का म्हणून विचारायचं नाही" — हा आमच्या गॅरेजचा कायदा, मामा, आणि तुम्ही विचारताय, "घरात मोठं कोणी नाही का?" आहेत की! ते काय बाकावर. बशीत चहा ओतून फुंकर मारतायत ते मोठे काका, आणि शेजारी स्वतःच्या नखांकडे बघत बसलेत ते माझे बाबा. तुमच्या ट्रकची गळती याआधी दोन्ही वेळा या मोठ्यांनीच दुरुस्त केली. म्हणून तर तुम्ही पुन्हा आलात.

नाही, खाली वाकू नका, जमिनीवरचं डबकं बघून काही कळत नाही — तेच तर चुकलं सगळ्यांचं. तेल वरून ओघळतं, वाऱ्यानं मागे ढकललं जातं आणि थेंब पडतो भलतीकडेच. थेंब पडतो तिथं गळती म्हणणं म्हणजे रडणाऱ्याच्या हनुवटीला पट्टी बांधणं. पण आमच्याकडे पट्ट्याच बांधतात, आणि फार मायेनं बांधतात — आधी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं, मग अख्खा गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं. पॅकिंग नवं, सील नवं, गळती तेवढी जुनीच. मग काका काय म्हणाले तुम्हाला? सांगते — "डिझेलची म्हातारी गाडी आहे, थोडं गळायचंच. गळत नसेल तर समजायचं आत तेलच नाही." हसलात ना तुम्ही तेव्हा? इथे सगळेच हसतात. हसून झालं की किल्ली घेऊन जातात.

हो, इंजिन मीच धुतलं. काल हे दोघं सामान आणायला बाजारात गेले, तेवढ्यात. एरवी माझं काम फोन उचलायचा आणि "बसा, काका येतीलच" म्हणायचं — एवढ्यासाठीच कॉलेजात इंजिनं शिकले मी. तर आधी वर्षानुवर्षांचा काळा थर खरवडला, ब्रश मारला, कोरडं पुसलं, आणि वरून पावडर भुरभुरवली. अंगाला लावायची पावडर हो! काकांचीच. अंघोळीनंतर मानेला लावतात ना, ती. आज सकाळपासून डबा शोधतायत — काका, डबा इंजिनावर संपला! — आता कळलं त्यांना. पांढऱ्या पावडरीवर ताजं तेल फुटलं की लगेच दिसतं, कुठून निघालं ते. चालू केला ट्रक, आणि काय दिसलं असेल? एका जागेवरून नाही, मामा. वरच्या झाकणाच्या कडेनं, पुढच्या सीलमधून, मागच्या सीलमधून — जिथं म्हणून सांधा आहे, तिथं घाम फुटल्यासारखं. तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकली. तेल ओतायचं झाकण थोडं सैल केलं, तर फस्सकन माझ्या तोंडावर. हा कुडता बघा. कालपर्यंत पिवळा होता.

म्हणजे काय? म्हणजे सीलांचा बिचाऱ्यांचा काही दोषच नाही. आत दाब कोंडलाय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो, त्याला बाहेर पडायला एक नळी ठेवलेली असते — ब्रीदर. नाक समजा इंजिनाचं. मी नळी चाचपत गेले, तर नाकात हे. धरा. बघा नीट. बूच. लाकडाचं, छान ठोकून बसवलेलं, वर तारेचा वेढा. नळीतून तेलकट धूर यायचा, थेंब पडायचे — गळतं तिथं बंद करायचं! केलं बंद. माणसाचं नाक दाबून धरायचं आणि तो तोंड उघडतो म्हणून त्याच्या थोबाडीत मारायची, तसं चाललंय.

काकांनीच ठोकलं, दुसरं कोण? या इंजिनाचं काम त्यांनीच केलेलं ना — "नव्यासारखं करून दिलंय, आता दहा वर्षं बघायला नको" — शब्द दिला होता तुम्हाला, तुमच्यासमोर, याच बाकावर. मग धूर निघतो म्हटलं तर रिंगा गेल्या म्हणावं लागेल, आणि रिंगा गेल्या म्हटलं तर... त्यापेक्षा बूच बरं. गुपचूप, सुबक. कडा कशा घासल्यात बघा, कुठे कुसळ टोचणार नाही, आणि लाकूडही कसलं, तेल पुसल्यावर आत्ता दिसतंय, हिरव्या रंगाचं, हे तर माझ्या अभ्यासाच्या स्टुलाचा पाय — तो मोडला तेव्हा मी रडत होते, बाबा म्हणाले होते, ठेवतो, याचं काहीतरी छान करून देईन —

द्या ते इकडे.

नाही, म्हणजे ठोकलं काकांनीच. बाबांचा काही... बाबांनी नुसतं घासून दिलं असेल. काकांनी सांगितलं, बूच हवंय, यांनी करून दिलं. कशाला हवंय, कुठे बसवणार — मोठ्या भावाला का म्हणून विचारायचं नसतं ना. जन्मात विचारलं नाही. हातात एवढी कला आणि तोंडात...

जाऊ दे. तुम्ही आज लाद्या भरून डोंगर उतरणार होता, बरोबर? ऐका मग. वरच्या झाकणाच्या मागच्या कडेनं निघणारं तेल थेट सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर ठिबकतंय, तिथं पावडर भाजून तपकिरी झालीय. उतारावर पेटलं तर उडी तुम्ही माराल. केबिनमध्ये सीटखाली त्या छोट्या लाल चपला आहेत — मुलगी येते ना सुट्टीत बरोबर? तिला कोण उडी मारायला शिकवणार?

काय काका? मोठ्यानं बोला, मामांनाही ऐकू दे. "बूच बसव, किल्ली दे, गिऱ्हाइकासमोर शोभा करू नकोस." ऐकलंत? शोभा! नाही बसवणार. बूच माझ्या मुठीत आहे, किल्ली खिशात आहे, आणि इंजिन उघडून रिंगा बदलल्याशिवाय हा ट्रक या दारातून बाहेर जात नाही. काय म्हणालात? "का?" — अय्या! "का" चालतं होय आपल्याकडे? मोठ्यांनी विचारलं तर चालतं?

बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणा, बसव, तर आत्ता बसवते, तुमच्याच हातचं आहे. म्हणा ना. माझ्याकडे बघून म्हणा.

पुन्हा नखांकडेच बघताय. पण "बसव" नाही म्हणालात.

काका, चहा सांडतोय बशीतून. पँटवर.

जा, मामा. माल दुसऱ्या गाडीत भरा. हे इंजिन आजच उघडणार. उभे काय राहिलात? जा — आणि त्या लाल चपला तेवढ्या घेऊन जा.