रेखाताईंनी हयगय केली नाही

मंडळी, कामाची पाळी सोडून पलसाण्याहून आलात, धरणगावहून आलात. सगळ्यांचे डोळे रडून सुजलेत. मला बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी वंदना. रेखाताईंची नात्यानं कुणी नाही. आमची ओळख दवाखान्याच्या बाकावरची. दोघींचा आजार एकच, ल्युपस.

त्यांच्या गालांवरचे लाल चट्टे तुम्ही पाहिलेत. बोटं सुजायची, तरी साड्यांना लेस लावणं चालूच. शरीरातल्या अँटिबॉडी एरवी आपलं रक्षण करतात. या आजारात त्या आपल्यावरच उलटतात. काहींचं रक्त त्यामुळे लवकर गोठतं. रेखाताईंचं तसंच होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वय कमी आहे म्हणून हृदयाला धोका नाही, असं समजू नका."

गेल्या वर्षी मला जिना चढताना धाप लागायची. आडवं पडलं की छाती दुखायची. मी म्हटलं, कामाचा थकवा असेल. रेखाताई म्हणाल्या, "चाल वं, मी येस तुनासंगे."

मी हसले. "ताई, हार्टचं दुखणं म्हाताऱ्यांना होतं."

"हाई आपला रगतले कोन सांगी?" म्हणाल्या. आपल्या रक्ताला हे कोण समजावणार! आणि मला घेऊनच गेल्या. माझ्या हृदयाभोवती पाणी झालं होतं. वेळेवर उपचार झाले. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे.

आणि त्या नाहीत.

दोन-चार दिवस कुजबुज ऐकतेय. औषधांनीच घात केला म्हणे. तिनंच दुर्लक्ष केलं म्हणे. रेखाताईंच्या सासूबाई, तुम्ही ऐका. दिनेशभाऊ, तुम्ही त्यांचे यजमान, तुम्हीही ऐका. रेखाताईंनी एकही गोळी चुकवली नाही. रक्ताच्या तपासण्या चुकवल्या नाहीत. त्या दुपारी जबडा दुखायला लागला, घाम फुटला, तेव्हा त्या काय म्हणाल्या? "ही ॲसिडिटी नाही. रिक्षा बोलवा." भाऊंनी क्षणाचाही उशीर केला नाही. डॉक्टरांनीही जिवाचं रान केलं, पण हृदयविकाराच्या झटक्यातून त्या वाचल्या नाहीत.

मग चुकलं कोण? कुणीच नाही. भाऊ, कुणीच नाही! औषधानं धोका कमी होतो, पुसला जात नाही. हे गिळायला कठीण आहे. पण त्या बाईच्या माथी दोष मारण्यापेक्षा हे गिळलेलं बरं.

बायांनो, एवढंच मागते. छातीत दुखलं, धाप लागली, तर स्वयंपाक उरकून बघू म्हणू नका. ल्युपस असेल तर मुळीच नको. आणि शेजारणीला दुखत असेल, तर तिच्यासोबत जा.

आता उभे राहूया. कुणी काही बोलू नका, कुणाला बोल लावू नका. रेखाताईंसाठी थोडा वेळ नुसते गप्प राहूया.

रेखाताई, या आता. नमस्कार.